शिखर-आव्हानांचे नियम बदला: सह्याद्रीतल्या गिरिभ्रमण संस्थांना खुलं पत्र

प्रति,
सह्याद्रीत शिखरांची आव्हानं जाहीर करणाऱ्या सर्व गिरिभ्रमण संस्था आणि गट

सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरू लागला की तुमच्या याद्या येऊ लागतात. एका हंगामात सर्वांत उंच दहा शिखरं, महिन्याभरात पाच किल्ले, चोवीस तासांत तीन माथे. या याद्यांचा उपयोग आम्ही नाकारत नाही. त्यांच्यामुळे माणसं घराबाहेर पडतात, नेहमीच्या चार-सहा किल्ल्यांपलीकडचा नकाशा उघडतात. त्यामुळे आव्हानं बंद करा असं आमचं म्हणणं नाही. आमची मागणी एकच आहे: वाटेतून परत फिरणाऱ्याचं काहीही बुडणार नाही, असे नियम लिहा.

आमच्या पाहण्यात आलेल्या नियमावल्यांत दोनच गोष्टी मोजल्या जातात. माथ्यावरचा फोटो आणि शेवटची तारीख. पाय मुरगळला, ढग उतरले, दोराशी रांग लागली, पाणी संपत आलं, अशा प्रत्येक वेळी परत फिरणं हाच शहाणपणाचा निर्णय असतो आणि तुमच्या तक्त्यात नेमका त्याच निर्णयाला शून्य मिळतो. गटाचा नेता कितीही अनुभवी असला तरी त्याच्यामागे वीस जण ‘आता एवढंच राहिलंय’ म्हणत उभे असतात. त्यांना तसं म्हणायला नियमच लावतात.

यादीला तारीख असलीच पाहिजे असं नाही. स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी सर ह्यू मन्रो यांनी 1891 मध्ये प्रसिद्ध केली. आज तिच्यात 282 शिखरं आहेत आणि ती पुरी करायला लोक दहा-दहा, वीस-वीस वर्षं घेतात. मन्रो 1919 मध्ये वारले तेव्हा त्यांचीच काही शिखरं राहून गेली होती. ती यादी अजून चालते, कारण राहिलेलं शिखर पुढच्या वर्षीही तिथेच असतं हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं आहे.

आता आपल्याकडच्या याद्यांबद्दल. बहुतेक याद्या उंचीच्या उतरत्या क्रमाने लावलेल्या असतात आणि तिथेच पहिली दिशाभूल होते. कळसूबाई 1646 मीटर, राज्यात सर्वांत उंच. पण बारी गावातून वर जाणारी वाट ठळक आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, सुट्टीच्या दिवशी माणसांची रीघ असते. तिथला धोका गर्दीचा, उन्हाचा आणि विजेचा. साल्हेर 1567 मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. तिथे खोदीव पायऱ्या आणि दरवाजे आहेत, मात्र चढ लांब आणि बराचसा उघड्यावरचा आहे. याउलट अलंग आणि मदन उंचीत या दोघांच्या खाली, पण तिथे दोर लावल्याशिवाय जाता येत नाही. शेजारच्या कुलंगला दोर लागत नाही, पण चढ माणसाला पिळून काढतो. गवळदेव, घनचक्कर यांसारख्या शिखरांवर ना शिडी ना कठडा. ऑक्टोबरात कमरेएवढ्या गवतात आणि कारवीत वाटच हरवते, डिसेंबरात तेच गवत वाळून पायाखाली घसरतं. उंचीच्या यादीत ही सगळी नावं एकाखाली एक बसतात आणि पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, कळसूबाई जमली म्हणजे खालची सगळी सोपी.

म्हणून शिखराच्या नावापुढे उंचीऐवजी हे लिहा: पायथ्यापासूनचा चढ किती मीटर, जाऊन-येऊन अंतर किती, कातळटप्पा आहे का आणि किती फुटांचा, पाण्याची शेवटची खात्रीची जागा कोणती आणि ती कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, आणि मुख्य वाट बंद झाली तर उतरायची दुसरी वाट कोणती. ही माहिती गोळा करता येत नसेल, तर ते शिखर यादीत घालायची वेळ अजून आलेली नाही.

वेळेचा हिशेबही छापा. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892 चा नियम आजही कामाचा आहे: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. समजा जाऊन-येऊन 14 किलोमीटर अंतर आणि 900 मीटर चढ आहे. अंतराचे पावणेतीन तास, चढाचा दीड तास, म्हणजे साधारण सव्वाचार तास. पण हा हिशेब एकट्या, धट्ट्याकट्ट्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. पंधरा-वीस जणांच्या गटासाठी आपल्याकडच्या घसाऱ्यावर तो दीडपट ते दुप्पट धरावा, म्हणजे साडेसहा ते साडेआठ तास. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेनऊच्या पुढे पायथा सोडणारा असा संथ गट उताराचा शेवट अंधारात करणार, हे निघतानाच ठरून गेलेलं असतं. तेव्हा प्रत्येक शिखरासाठी ‘या वेळेनंतर वर जायचं नाही’ अशी घड्याळातली वेळ लिहा. ‘अंधार पडण्यापूर्वी परता’ हे वाक्य उपयोगाचं नाही, कारण दुपारी तीनला माथा समोर दिसत असताना अंधार कुणालाच आठवत नाही. आणि विजेरी प्रत्येकाकडे हवी. डोक्याला लावायची, सुट्या सेलसकट. मोबाइलचा उजेड धरायला एक हात अडकतो आणि उतारावर तोच हात लागतो.

उतरण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चुकलेली माणसं बहुधा उतरतानाच अडकतात. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा घट्ट बेसॉल्टचा थर, मग मऊ मुरमाड थर, पुन्हा घट्ट थर. घट्ट थराचा कडा होतो, मऊ थर झिजून पदर होतो. खालून पाहताना ही उतरंड स्पष्ट दिसते. वरून पाहताना मात्र फक्त पदर दिसतात, मधले कडे पायाखाली झाकलेले असतात. त्यामुळे वाट चुकलेल्याला वाटतं, हा काय खाली पदर दिसतोय, सरळ उतरू. तो घसरत, कारवी धरून चाळीस-पन्नास मीटर उतरतो आणि कड्याच्या ओठावर येऊन थांबतो. आलेल्या घसाऱ्यावरून परत चढता येत नाही आणि खाली जाता येत नाही.

‘पाण्याच्या ओढ्याने खाली गेलं की गाव लागतं’ हा सल्ला आपल्या डोंगरात घातक आहे. इथला ओढा प्रत्येक कड्यावरून धबधबा होऊन पडतो. तुमच्या सूचनापत्रात हे ठळक अक्षरांत यायला हवं: वाट हरवली की खाली नाही, मागे आणि वर. जिथे वाट शेवटची नक्की होती त्या जागी परत या. ती सापडली नाही तर पदर सोडू नका, पदरावरून आडवं चालत सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत जाणारी धार गाठा, कारण गावच्या वाटा बहुतेक सोंडेने किंवा खिंडीतून उतरतात. अंधार पडला असेल तर बसा. पदरावर काढलेली थंडीची रात्र त्रासाची असते, पण सकाळी माणूस सापडतो.

मोबाइलवर उतरवून घेतलेल्या मार्गावरही मर्यादा घाला. कड्याच्या पोटात आणि नाळेत, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद, उभ्या घळीत, उपग्रहांचे संकेत कातळावरून परतून येतात आणि ठिपका वीस-तीस मीटर सरकतो. पठारावर त्याने काही बिघडत नाही. कड्याच्या कडेला तेवढ्या फरकात माणूस चुकीच्या घळीत शिरतो. शिवाय मार्ग कुणी, कोणत्या महिन्यात नोंदवला ते कळत नाही. एप्रिलमधली मोकळी वाट सप्टेंबरात गवताखाली असते.

नाळेच्या वाटांना वेगळा नियम लागतो. नाळेत एका वेळी एकच गट. वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्यापर्यंत पोहोचेतो वेग घेतो, म्हणून अरुंद भागात गटाने एकमेकांच्या अगदी जवळ राहावं, म्हणजे दगड वेग घेण्याआधीच हाताशी येतो. जिथे असं जमत नाही तिथे एकेकाने पार व्हायचं आणि बाकीच्यांनी आडोशाला थांबायचं. ‘दगड!’ अशी हाक ऐकली की वर पाहायचं नाही, कातळाला चिकटायचं. हेल्मेट सगळ्यांना, फक्त दोरवाल्यांना नाही.

आता कातळटप्पे. अलंग-मदनसारखी नावं यादीत घालणाऱ्यांनी आधी एक साधा गुणाकार करावा. एका दोरावर एक माणूस बांधून घेतो, चढतो, सुटतो, दोर पुन्हा खाली येतो. नवख्यांचा गट असेल तर माणशी दहा-बारा मिनिटं. वीस माणसं म्हणजे चार तास, फक्त एका टप्प्यावर, फक्त चढताना. उतरताना माणशी सात मिनिटं धरली तरी सव्वादोन तास. एकाच रविवारी तीन गट आले तर तिसऱ्या गटाचा नंबर दुपारी लागतो, आणि मग घाई सुरू होते. वरून बीले देणारा, म्हणजे चढणाऱ्याला बांधलेला सुरक्षेचा दोर सांभाळणारा माणूस वगळला जातो, ‘सोपं आहे, नुसता दोर धरून या’ असं सांगितलं जातं. अपघाताला तेवढं पुरतं. आमच्या मते अशा शिखरावर एका गटात जास्तीत जास्त बारा माणसं, दोन स्वतंत्र दोर आणि दिवसाला एकच गट असावा. तारखा संस्थांनी एकमेकांना विचारून ठरवाव्यात. तुमच्या पदाधिकाऱ्यांची एकमेकांशी ओळख असते, एका फोनचं काम आहे.

दोर बांधताना चुकतं ते असं. पहिली चूक, कातळात आधीपासून असलेल्या एकाच बोल्टवर भरवसा. चार महिन्यांच्या पावसात बोल्ट गंजतो आणि भोवतीचा कातळ ठिसूळ होतो. गंजाचा ओघळ दिसला, हाताने हलला किंवा आसपास हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तो नाही असं समजावं. भार नेहमी दोन स्वतंत्र आधारांवर वाटून द्यावा, म्हणजे एक निघाला तरी दुसरा धरतो. दुसरी चूक, दोराच्या खालच्या टोकाला गाठ न मारणं. दोर जमिनीला टेकलाय हे वरून दिसत नाही, आणि टोक डिसेंडरमधून (दोरावरून सावकाश उतरायच्या धातूच्या साधनातून) सटकलं की मध्ये काहीच उरत नाही. तिसरी, डिसेंडरखाली प्रुसिक न लावणं. सहा मिलिमीटरच्या दोरीचा तो छोटा फास हात सुटल्यावर माणसाला जागच्या जागी धरतो. चौथी, कातळाची धार. दोर जिथे धारेवर घासतो तिथे जाड कापड किंवा संरक्षक नळी घालायलाच हवी. मोकळे केस, ओढणी, बॅगेचे लोंबते पट्टे डिसेंडरमध्ये अडकतात आणि माणूस अधांतरी लटकतो, म्हणून टप्प्याच्या आधी एकाने प्रत्येकाला पायापासून डोक्यापर्यंत तपासावं. शेवटी उतरणाऱ्याला दोर मागे ओढून घ्यायचा असतो, तेव्हा दोर दुहेरी लागतो. पंचवीस मीटरच्या टप्प्याला पन्नास मीटरहून मोठा दोर हवा. हा हिशेब चुकल्याचं वर पोहोचल्यावर कळून उपयोग नाही.

याच कड्यांवर आग्या मोहोळ असतं. धूर, उग्र वासाचं अत्तर, आरडाओरडा, वरून पडलेला दगड, एवढ्याने ते उठतं. दोरावर असलेल्या माणसाला पळता येत नाही. पोळं दिसलं की टप्पा रद्द, असा लेखी नियम असू द्या. माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड-डोकं झाकून दाट झाडीतून लांब जावं. एका जागी बसून राहिलेल्याला जास्त डंख बसतात.

उन्हाबद्दल. ज्या आव्हानाची मुदत मार्चअखेर संपते, त्यात मागे पडलेले लोक उरलेली शिखरं मार्चमध्येच उरकतात. काळा कातळ तापलेला, सावली नाही, बरीच टाकी आटलेली. थंडीत माणशी तीन लिटर पाणी पुरतं. मार्चपासून चार ते पाच लागतं, तासाला साधारण अर्धा लिटर. ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं. चिमूटभर टाकून भागत नाही आणि अर्ध्या पाण्यात विरघळवलं तर फार तीव्र होतं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ विरळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि लोक त्याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात. बोटं सुजलेली, खूप पाणी प्यायलेलं, लघवी अगदी स्वच्छ आणि वारंवार, अशी लक्षणं असतील तर पाणी थांबवून खारट खायला द्यावं. याउलट अंग तापलेलं, तोल जातोय, बोलणं असंबद्ध, तर तो उष्माघात. अशा माणसाला आधी तिथेच थंड करायचं: सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, वारा. मग खाली न्यायचं. तसंच चालवत नेण्यात जी वीस मिनिटं जातात तीच महागात पडतात. वाटेवरचा नियम सोपा ठेवा. माथा येण्याआधी निम्मं पाणी संपलं आणि वर खात्रीचं टाकं नसेल, तर तिथूनच माघारी.

ऑक्टोबरातली आणि मे-जूनमधली वीज वेगळी. या दिवसांत ढग दुपारनंतर चढतात, म्हणून बाराच्या आत माथा सोडावा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर शिड्या, साखळ्या, कठडे, धारेवरची जागा आणि एकटं झाड यांपासून दूर व्हायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. भर पावसात गुडघ्याला लागणारं वेगवान पाणी ओलांडायचं नाही. ओढा जसा चढतो तसा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतोही, थांबणं शक्य असतं. कमरेला दोर बांधून पाण्यात उतरणाऱ्याचा पाय निसटला तर तोच दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. आणि जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश निघाला की त्या शिखराची मुदत आपोआप थांबली पाहिजे, सहभागी माणसाने त्यासाठी अर्ज करायची गरज पडू नये.

आणखी एक गोष्ट, जी डोंगराबाहेर घडते. शुक्रवारी कामावरून सुटून रात्री मुंबई-पुण्याहून निघायचं, पहाटे तीन-चारला पायथा, उजाडताना चढ, शनिवारी दुपारी दुसऱ्या पायथ्याकडे, रविवारी दुसरा माथा आणि रात्री गाडी हाकत घरी. अशा दोन रात्रींच्या जागरणानंतर स्टिअरिंगवर बसलेला माणूस कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या घाटात डुलकी खाऊ शकतो. हा धोका तुमच्या सूचनापत्रात येतच नाही, कारण तो पायथ्याच्या पुढचा. दोन मोजणीच्या शिखरांमध्ये एक पुरी रात्र झोप आणि त्याच दिवशी चढलेल्या माणसाने रात्री गाडी चालवायची नाही, हे दोन नियम घाला. चोवीस तासांत तीन माथे हा प्रकार नवख्यांसाठी आम्ही मुळीच ठेवणार नाही.

पायथ्याच्या गावांशी आधी बोला. बारी, आंबेवाडी, पाचनई, वाघांबे, जिथून वाट सुटते तिथला वाटाड्या यंदा कोणती वाट ढासळली, कोणत्या टाक्यात पाणी आहे, कुठे मोहोळ बसलंय हे सांगू शकतो. त्याला नुसतं पुढे चालायला नेऊ नका. ‘वाटाड्याने परत म्हटलं की गट परत’ हे नियमावलीत लिहा आणि परत फिरल्यावरही त्याची पूर्ण मजुरी द्या. मजुरी माथ्यावर पोहोचण्याशी जोडली तर त्याच्यावरही तोच दबाव येतो.

प्रत्येक शिखराच्या पानावर तीन ओळी आणखी हव्यात: मोबाइलला रेंज कुठे मिळते, सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, आणि बचाव पथकाशी संपर्क कसा करायचा. सर्पदंशात दोरी आवळणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठ्या-कडी काढायची, दंशाचा अवयव न हलवता बांधायचा, माणसाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं आणि 108 ला कळवायचं.

मोजणीच्या नियमांत नेमकं काय बदलावं, तेही सांगतो. शेवटची तारीख काढा. माथ्यावरच्या फोटोऐवजी पायथ्याला परतलेल्या अख्ख्या गटाचा फोटो मागा, निघाल्याच्या आणि परतल्याच्या वेळेसह. ज्या गटाने परत फिरायचं ठरवलं त्याने जागा, वेळ आणि कारण लिहून पाठवावं. त्याला त्या शिखराचे तेवढेच गुण द्या आणि माथा नंतर कधीही गाठायची मुभा ठेवा. काही जण पायथ्यावरूनच परततील आणि गुण घेतील, हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. घेऊ देत. तसे चार जण निघाले तरी त्यात कुणाला इजा होत नाही, आजच्या नियमांनी मात्र होऊ शकते. परतीच्या या नोंदी पुढच्या वर्षी यादीसोबत छापा. कोणत्या महिन्यात, कोणत्या टप्प्यावरून, कशामुळे लोक मागे फिरले, याहून उपयोगी माहिती नव्या माणसाला दुसरी कुठली मिळणार?

पुढच्या हंगामाच्या याद्या छापण्याआधी मसुदा आम्हाला दाखवावा, ही विनंती. पाऊस उघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत कातळटप्प्यांवरचे बोल्ट तपासून त्यांची स्थिती लिहून द्यायला आम्ही तयार आहोत. प्रत्येक संस्थेने त्यासाठी दोन माणसं आणि एक दोर द्यावा.

आपले,
सह्याद्रीत वाटा दाखवणारे आणि दोर लावणारे काही जण